दाबायलाही जागा लागते

जागा नसते असं काही नसतं, ती करायची असते, असं ठासणीसांचं ठाम मत होतं. ठासणीस हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याचं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं. त्या गोदामात वाऱ्यालासुद्धा अंग चोरून शिरावं लागे. ते पाहून कुणीतरी त्यांना हे नाव बहाल केलं. चिटणीस असतात, फडणीस असतात, मग ठासणीस का नसावेत? त्यांना स्वतःला हे नाव मनातून आवडायचं, पण तसं ते दाखवत नसत.

त्यांची कीर्ती इमारतीतही पसरली होती. कुणी गावाला निघालं की गाडीची डिकी भरायला ठासणीसांना बोलावणं यायचं. ते कमरेवर हात ठेवून सामानाकडे बघत, मग डिकीकडे बघत, आणि म्हणत, "आधी सगळं खाली काढा." वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं सगळं सामान त्यांनी एकदा असं बसवलं की वर एक खुर्चीही बसली, जी डॉक्टरांना न्यायचीच नव्हती. मुक्कामाला पोचल्यावर मात्र डॉक्टरांना काही बाहेर काढता येईना. शेवटी त्यांनी फोन करून विचारलं की आधी कुठली बॅग ओढायची. ठासणीसांनी ते फोनवरून नीट समजावून सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट ते डॉक्टरांच्या कौतुकाची म्हणून सांगत राहिले.

घरी बायकोला एक कढई काढायची तर आधी अर्धं कपाट ओट्यावर मांडावं लागे. तिने संसाराच्या सुरुवातीला यावर बोलून पाहिलं होतं. नंतर तिने एक कढई कायमची गॅसवरच ठेवून दिली आणि विषय संपवला.

अशा माणसाला लॅपटॉपने "जागा नाही" असं तोंडावर सांगावं, आणि तेही ऐन वेळेला, यासारखा अपमान नाही.

ऐन वेळ अशी की कारखाना नवं गोदाम बांधणार होता. आतली मांडणी कशी असावी याचे दोन नकाशे तयार झाले होते. एक ठासणीसांचा आणि दुसरा खरेदीप्रमुखांचा. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर दोन्ही मांडायचे आणि ज्याचा पसंत पडेल त्याच्या हाती नवं गोदाम, असं ठरलं होतं. दुसऱ्याला वरच्या मजल्यावर सल्लागाराची खुर्ची मिळणार होती. ज्याला कुणी काही विचारत नाही त्याला सल्लागार म्हणतात, हे ठासणीसांना पक्कं ठाऊक होतं. गोदामाशिवाय आपण म्हणजे काय, हा विचार त्यांच्या मनात एकदा येऊन गेला होता, आणि तो त्यांनी ताबडतोब कशाखाली तरी दाबून टाकला होता.

नकाशा त्यांनी घरी, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर काढला होता. चहा ठेवताना बायको खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "अहो, यात माणसं चालणार कुठून?"

"माणसांचं काय, ती वाट काढतात."

"तुमच्या घरात इतकी वर्षं काढतेच आहे," ती म्हणाली.

घरात शांतता राहावी म्हणून त्यांनी नकाशाच्या मधोमध एक रुंद रस्ता सोडला. ती खूश होऊन आत गेली. पण तो रस्ता त्यांना दाताच्या फटीसारखा सलत राहिला, आणि शुक्रवारी ऑफिसात, तिथल्या मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी तो मांडण्यांनी गच्च भरून टाकला. नकाशा लगेच देखणा दिसू लागला. बायकोला हे सांगायचं काही कारण नव्हतं.

आता हे लॅपटॉपचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण ठासणीसांनी ते समजून घेतलं नव्हतं. ऑफिसच्या सगळ्या फाइली सर्व्हर नावाच्या एका मोठ्या मशीनवर असतात. घरी काम करता यावं म्हणून लॅपटॉप त्यातल्या हव्या त्या फाइलींची एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेतो. पुन्हा ऑफिसात गेलं की घरची प्रत आणि सर्व्हरवरची प्रत एकमेकींशी ताडून बघितली जाते, आणि जी नवी असेल ती दोन्हीकडे राहते. शहाणा माणूस आपल्या कामापुरत्या चार फाइली जवळ ठेवतो. पण लॅपटॉपने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काय काय जवळ ठेवू?" आणि गोदामाचा माणूस आलेल्या मालाला नाही म्हणत नाही. ठासणीसांनी सांगितलं होतं, सगळं. त्यामुळे त्या बिचाऱ्या लॅपटॉपमध्ये सगळ्या खात्यांचे सगळे कागद, कँटीनचे दरफलक, सेवानिवृत्तीच्या समारंभांचे फोटो आणि मोठ्या साहेबांचं एक लांबलचक भाषण, त्याच्या सगळ्या कच्च्या खर्ड्यांसकट, येऊन बसलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी डिस्कची पट्टी लाल झाली आणि त्याने आणखी माल उतरवून घ्यायचं बंद केलं. नवा भरगच्च नकाशा सर्व्हरवरच राहिला. हेही ठासणीसांना माहीत नव्हतं.

त्यांनी संगणक विभागाला फोन लावला. तिथे ज्या बाई होत्या त्यांना सगळे संगणकबाई म्हणत. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे लोक त्यांना जास्त घाबरत.

"डिस्क भरलीय," ठासणीस म्हणाले. "मोठी बसवून द्या."

"तक्रार नोंदवा. लॅपटॉपवरूनच नोंदवायची."

"नोंदवली. पण जागा नाही म्हणून ती तक्रार सेव्ह होत नाही."

"मग तक्रारीचा क्रमांक मिळणार नाही."

"ते दिसतंय मला. पण मग करू काय?"

"नको असलेलं काढून टाका," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगते, सर्व्हरच्या फाइलींच्या प्रती ज्या फोल्डरमध्ये असतात ना, त्याला हात लावू नका. ते मशीन आपलं आपण सांभाळतं."

काढून टाका हे शब्द ऐकल्याबरोबर ठासणीसांचे कान मिटले होते, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. गोदामातला माल काढून टाकायचा, हा सल्ला त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्यांनी लॅपटॉप बगलेत मारला आणि घरी आले.

शनिवारी सकाळी दातांचे डॉक्टर सहज म्हणून खाली आले. डॉक्टरांना दातांखेरीज जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायला आवडे. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असून त्याला बोलता येत नाही, अशा परिस्थितीत काम करून त्यांना एकट्यानेच बोलायची सवय झाली होती.

"कॉम्प्रेस करा," ते लाल पट्टी बघून म्हणाले. "फाइलीवर उजवं बटण दाबायचं, आत एक खूण करायची, की झालं. फाइल तीच, जागा निम्मी."

"म्हणजे दाबायचं?"

"दाबायचंच."

ठासणीसांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. इतकी वर्षं हे यंत्र आपल्याच धर्माचं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्यात जास्त जागा कोण खातंय हे डॉक्टरांनी शोधून काढलं. ते होतं सर्व्हरच्या प्रतींचं फोल्डर. ठासणीसांनी त्यावर उजवं बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही.

ठासणीसांनी ते वाक्य दोनदा वाचलं. लॅपटॉप त्यांच्या टेबलावर, टेबल त्यांच्या घरात, आणि त्यांनाच दारातून परत पाठवत होता.

"माझ्याच घरात मला मज्जाव?" ते म्हणाले.

"मालक दुसरा दिसतोय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "आधी मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागेल."

यासाठी मेहुण्याला बोलावण्यात आलं. बायकोचा हा धाकटा भाऊ मोबाइलच्या काचा बदलून देत असे, त्यामुळे घरातल्या सर्व विजेच्या वस्तूंवर त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. तो आला, त्याने बोटं मोडली, खुर्ची ओढली आणि काय काय टाइप करत सुटला. चहा झाला, पोहे झाले, डॉक्टर एकदा वर जाऊन एक दाढ काढून आले. मग मेहुणा म्हणाला, "घ्या भावोजी. आता सगळ्याचे मालक तुम्ही."

"सगळ्याचे?"

"आत जे जे आहे त्या सगळ्याचे."

मोठ्या साहेबांचं भाषणही आता कायद्याने आपलं झालं, या जाणिवेने ठासणीस जरा ताठ बसले. त्यांनी कॉम्प्रेसची खूण केली. लॅपटॉपने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की फाइली दाबण्यासाठी पुरेशी जागा नाही.

तिघांनी पडद्याजवळ तोंडं नेऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं.

"दाबायला जागा कशाला लागते?" ठासणीस म्हणाले. "जागा नाही म्हणून तर दाबतोय."

"फाइल आधी उचलून बाजूला ठेवायची, मग दाबायची, मग परत जागेवर," मेहुणा म्हणाला. "बाजूला ठेवायला जागा नको?"

बायको दारात उभी होती. "कढई काढताना मी ओट्यावरच मांडते ना सगळं," ती म्हणाली. "ओटाही भरलेला असता तर उपाशी बसला असता." आणि आत गेली. तिच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची ती वेळ नाही, असं तिन्ही पुरुषांनी न बोलता ठरवलं.

जागा करण्यासाठी घरचे फोटो एका पेन ड्राइव्हवर हलवण्यात आले. मग काम सुरू झालं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. किती वेळ उरला तेही खाली दिसत होतं, आणि तो वेळ दर वेळी बघावं तर वाढलेला असे. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. खालची बाजू इतकी तापली की बायकोने ओला रुमाल त्याच्याजवळ वाळत घातला. दुपारी उठून पाहतात तर फाइलींची नावं एकेक करून निळी पडत चालली होती.

"हे काय झालं?" ठासणीसांनी डॉक्टरांना बोलावून विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. "निळं पडणं हे एकूण चांगलं लक्षण नव्हे," ते म्हणाले. "पण अजून गरम आहे ना? मग काळजी नाही."

निळा रंग म्हणजे फाइल दाबलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो, असं मेहुण्याने फोनवर सांगितलं. तेवढ्यात लॅपटॉप तापून आपोआप बंद पडला. पुन्हा चालू केला तेव्हा निम्म्या फाइली निळ्या होत्या, निम्म्या काळ्या होत्या, आणि पट्टी अजूनही लालच होती. गोदामाचा नकाशा निळ्यांत होता. नाव दिसत होतं, तारीख त्यांनी पाहिली नाही. रविवारी ते त्याच्या वाटेला गेले नाहीत. काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे दिवसभर ते उगाचच चिडचिडे होते, आणि बायकोने एकदा विचारलंही, की सल्लागाराची खुर्ची तशी वाईट असते का. ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग तिनेही पुढे विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसात पोचून त्यांनी लॅपटॉप नेटवर्कला जोडला. लॅपटॉपने घरच्या प्रती आणि सर्व्हरवरच्या प्रती ताडून बघायला घेतल्या, आणि तो बावचळला. मालक बदललेला, माल दाबलेला. त्याच्या मते एकूण एक फाइल बदलली होती. त्याने पहिल्याच फाइलीला थांबून विचारलं, "या फाइलीच्या दोन प्रती आहेत. लॅपटॉपवरची ठेवू, सर्व्हरवरची ठेवू, की दोन्ही ठेवू?" खाली एक चौकोन होता. त्यावर खूण केली तर उरलेल्या सगळ्या फाइलींनाही हेच उत्तर लागू होणार होतं.

दुसऱ्या कुणीही इथे संगणकबाईंना फोन केला असता. पण दोन वस्तूंपैकी कुठली टाकू, असा प्रश्न ठासणीसांना विचारण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी दोन्ही ठेवा म्हणून सांगितलं, चौकोनात खूण केली, आणि हात धुवायला गेले.

ते परत येईपर्यंत साऱ्या ऑफिसचा सर्व्हर दुप्पट होऊ लागला होता. लेखा विभागाचे हिशेब दोन, कँटीनचे दरफलक दोन, मोठ्या साहेबांचं भाषण खर्ड्यांसकट दोन. ओळख पटावी म्हणून लॅपटॉप प्रत्येक दुसऱ्या प्रतीच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहीत होता. लॅपटॉपचं नाव होतं 'गोदाम'. हा सगळा माल सर्व्हर गुमान उतरवून घेत राहिला. सभेची वेळ झाली तेव्हा तो काठोकाठ भरला आणि बंद पडला. पगार काढणारे थांबले, मालाच्या पावत्या थांबल्या, आणि लोक खुर्च्या मागे सरकवून एकमेकांना "तुमचंही?" असं विचारू लागले.

सभेच्या खोलीत खरेदीप्रमुख आधीच येऊन बसले होते. हा गृहस्थ इतका व्यवस्थित की त्याच्या शर्टाच्या खिशात पेनांचीही रांग असे. आपला नकाशा तो छापून घेऊन आला होता. त्याने तो टेबलावर उलगडला आणि ठासणीस खुर्चीतून अर्धवट उठून बघू लागले. ठासणीसांवर मात करायची तर ठासूनच, असं ठरवून त्याने मांडण्यांवर मांडण्या रचल्या होत्या. कोपऱ्यात कोपरे बसवले होते. इंच म्हणून मोकळा नव्हता.

"आपल्या ठासणीससाहेबांच्या नकाशापेक्षाही यात जास्त खोकी बसतात," खरेदीप्रमुख नम्रपणे म्हणाले. "मी मोजून पाहिलंय."

मोठे साहेब त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचा दाखवा."

सर्व्हर बंद, म्हणजे लॅपटॉपवरची प्रत हाच आधार. ठासणीसांनी निळ्या नावावर टिचकी मारली. अर्ध्यात बंद पडलेला, अर्धा दाबलेला लॅपटॉप घरघरू लागला. पडद्यावर एक गोल फिरू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. खरेदीप्रमुखांनी आदराने छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरची ती खुर्ची ठासणीसांना आता अगदी स्पष्ट दिसत होती, तिच्या पाठीवर टाकलेल्या टॉवेलसकट.

मग नकाशा उमटू लागला. आधी बाहेरच्या भिंती आल्या. मग डावीकडच्या मांडण्या, उजवीकडच्या मांडण्या. मधल्या मांडण्या येतील म्हणून ठासणीस वाट बघत राहिले. त्या आल्याच नाहीत. गोदामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा, रुंद, पांढराशुभ्र रस्ता पडलेला होता. हा जुना नकाशा होता. बायकोला खूश करायला काढलेला.

मेलो, असं ठासणीसांना वाटलं, आणि त्या क्षणी तसं वाटणं चूकही नव्हतं.

"हे मधे काय?" साहेबांनी विचारलं.

चूक झाली, फाइल दुसरी आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण दुसरी फाइल बंद सर्व्हरच्या पोटात होती, आणि दाखवायला त्यांच्याकडे एवढंच होतं. तोंड उघडलेलं होतं, त्यातून काहीतरी बाहेर पडणं भाग होतं, आणि जे बाहेर पडलं ते त्यांचं नव्हतं.

"माणसं चालणार कुठून, साहेब?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या आत्ताच्या गोदामात मी एकदा आलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. आत शिरलो खरा, पण वळायला जागा नव्हती. उलटा चालत बाहेर आलो. शिपाई बघत होता. त्यानंतर मी पुन्हा गेलो नाही."

ठासणीसांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. ज्या गोदामाचं आपण इतकी वर्षं कौतुक करवून घेतलं, त्यातून खुद्द मोठे साहेब पाठमोरे बाहेर पडले होते, आणि हे शिपायासकट सगळ्यांना माहीत होतं.

"हा नकाशा पक्का," साहेब म्हणाले. खरेदीप्रमुख आपल्या कागदाची घडी घालू लागले. ती घडीही फार व्यवस्थित होती.

एवढ्यात दार उघडून संगणकबाई आत आल्या. "सर्व्हर का भरला ते कळलं," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "ऑफिसातली प्रत्येक फाइल दोनदा आहे. साहेब, तुमच्या रजेच्या अर्जाचीही दुसरी प्रत आहे. आणि प्रत्येक दुसरीच्या नावापुढे एकच शब्द लिहिलाय."

"कुठला?"

"गोदाम."

सगळ्यांनी ठासणीसांकडे पाहिलं. चौकशीची गरज उरली नव्हती. ठासणीस लॅपटॉपचं झाकण हळूच मिटू लागले, पण ते अर्ध्यावर असताना साहेब हसले, आणि साहेब हसताहेत हे बघून खरेदीप्रमुखांनाही हसावं लागलं.

"गोदाम तुमचंच," साहेब म्हणाले. "पण एका अटीवर. तो रस्ता कायम मोकळा राहिला पाहिजे, आणि तो मोकळा ठेवायची जबाबदारी तुमची. त्यात एक खोकं दिसलं तरी वरची खुर्ची तयार आहे."

आयुष्यभर जागा भरलेल्या माणसाला जागा रिकामी ठेवण्याची नोकरी लागली. संगणकबाईंनी लॅपटॉप काढून घेतला, सर्व्हरवरच्या दुसऱ्या प्रती पुसायला त्यांना आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात ठासणीस जिन्यात समोर दिसले की त्या वाट सोडून उभ्या राहत. "तुम्ही जा आधी," म्हणत. "तुम्हाला जागा लागते."

घरी त्यांनी सभेची हकिकत सांगितली, पण बेताने सांगितली. "रस्ता साहेबांना आवडला," ते म्हणाले.

"तो ठेवलात ना तसाच?"

"होता तसाच होता," ते म्हणाले, आणि हे खोटं नव्हतं.

नवं गोदाम बांधून झालं तेव्हा घरच्यांना बघायला बोलावलं होतं. ठासणीसांची बायको आत आली आणि मधल्या रस्त्याने पार शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेली. ठासणीस सवयीने तिच्या मागे मागे निघाले होते. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की इथे मागून चालायचं कारण नाही, तेव्हा ते पुढे होऊन तिच्या शेजारून चालू लागले. घरात काय नि गोदामात काय, दोघांना असं शेजारी शेजारी चालता येईल एवढी जागा त्यांनी आजवर कुठे ठेवलीच नव्हती. ते त्यांना आत कुठेतरी लागलं.

शेवटच्या भिंतीपाशी दोघं वळले. वळायलाही ऐसपैस जागा होती. ठासणीसांची नजर भिंतीजवळच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच अडकली.

"इथे एक स्टूल सहज बसेल," ते म्हणाले.

बायकोनेही कोपऱ्याकडे नीट पाहिलं.

"बसेल," ती म्हणाली. "चला."